खंडेनवमीची चाकं

"हात लावायचा न्हाई," इलाहीमामू म्हणाला. "पूजा झालीया."

माझा हात व्हर्नियरच्या वर चार बोटं तसाच थांबला. उद्यमनगरातल्या मामूच्या गॅरेजमध्ये लाल कापडावर सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. पाने, हातोड्या, जॅक, करवती, आणि मधोमध, मानाच्या जागी, तो व्हर्नियर. जाडी मोजायचं साधं स्टीलचं हत्यार. त्याच्या जबड्यात झेंडूचं फूल धरलेलं होतं आणि पाठीवर हळदी-कुंकवाची पाच बोटं उमटली होती.

"मामू, पाच मिनिटांचं काम आहे. मोजतो आणि फूल होतं तसं लावून ठेवतो."

"देवळात जाऊन असं म्हणतोस काय? मूर्ती पाच मिनिटं नेतो आणि परत आणून बसवतो म्हणून?"

खंडेनवमी होती, त्याला मी काय करणार. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी आरती होईपर्यंत त्यांना काम सांगायचं नाही. मामूचे पार्टनर शंकरअण्णा सुतार जाऊन तीन वर्षं झाली होती. अण्णा होते तोवर पूजा ते मांडायचे आणि मामू फक्त नारळ फोडायचा. अण्णा गेल्यावर मामूनं सगळंच अंगावर घेतलं आणि अण्णांपेक्षा दुप्पट कडक झाला. अण्णा निदान कात्री तरी वापरू द्यायचे. मी स्वतः शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटी खात्यात होतो. दिवसभर माझ्या हातात व्हर्नियरच असायचा. पण फाउंड्रीलाही कुलूप होतं आणि आत माझा व्हर्नियरही फुलांखाली झोपला होता. सगळ्या कोल्हापुरात त्या दिवशी कुणालाही काहीही मोजता येणार नव्हतं.

आणि मला मात्र संध्याकाळच्या आत माझ्या गाडीची चाकं बदलायची होती. नाही बदलली तर शलाका रेडेकरचं लग्न सांगलीच्या बँकवाल्याशी ठरणार होतं. हे ऐकायला कसं वाटतं ते मला ठाऊक आहे, म्हणून नीट सांगतो.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडं एक जुनी स्पोर्ट्स सेडान होती. दिसायला चार दारांची सभ्य गाडी, पण अंगात रग. तिला मी त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे ब्रेक बसवून घेतले होते. ताटाएवढ्या डिस्क, आणि त्या डिस्कला चिमटीत धरणारा लोखंडी ठोकळा असतो ना, कॅलिपर, तो पिवळाधमक. एवढे ब्रेक मूळच्या सोळा इंची चाकात मावतील असं कुणाला वाटलं नाही, म्हणून अठराची चाकं घातली. आणि अठराची चाकं घातली म्हणून टायर उरला पापडाएवढा. रस्त्यात कुणी पेन टाकलं असेल तर ते निळं होतं की काळं, हे मला सीटवर बसून कळायचं. पण गाडी दिसायची झकास, आणि मी त्या झकासपणावर बेहद्द खूश होतो.

शलाका हायस्कूलवर गणित शिकवायची. आमचं दोन वर्षं चाललं होतं आणि घरी सांगून महिना झाला होता. तिचे वडील महिपतराव रेडेकर. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली निम्मी गगनबावड्याच्या घाटात गेलेली, आणि एकदाही कुठं साधं खरचटलेलंसुद्धा नाही. रिटायर होताना त्यांनी घरी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक सत्काराचा फेटा आणि दुसरी कंबर. ती कंबर सगळ्या घराला वेठीला धरायची. आणि माणूस कसा आहे हे ते गाडी चालवण्यावरून ठरवायचे. शिक्षण, नोकरी, घरदार हे त्यांनी मला विचारलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी आहे ना तुमच्याकडं? चला, रंकाळ्यापर्यंत जाऊन येऊ."

गेलो. वाटेत नऊ स्पीडब्रेकर होते. काका दरवाजावरचा दांडा धरून बसले आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला डोळे मिटत गेले. परत आल्यावर शलाकानं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना गाडीतून उपसून काढलं. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी चाकात डोकावून पाहिलं.

"ब्रेक एवढे मोठे कशाला?"

"थांबायला, काका."

"मला एकतीस वर्षांत एवढे लागले नाहीत." मग हळूहळू सरळ होत म्हणाले, "दसऱ्याला सकाळी सातला या. करूळ घाट उतरायचा आणि परत चढायचा. तुमचं ड्रायव्हिंग बघू आणि माझी कंबर काय म्हणते तेही बघू. दुसऱ्या दिवशी सांगलीची मंडळी येणार आहेत. मुलगा बँकेत आहे. त्यांना यायला सांगायचं का नको, ते घाटातनं आल्यावर ठरवतो."

म्हणजे काय करायचं ते उघड होतं. मूळची सोळाची चाकं काढायची, त्यावर जाड टायर होतेच, ती घालायची, आणि काकांची कंबर सुखरूप नेऊन आणायची. त्यासाठी माझ्याकडं आठ दिवस होते. त्यातले सात मी अठराची चाकं सोडवत नाहीत म्हणून घालवले. हे मी शलाकाला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगताना सेकंड शिफ्ट होती असं सांगितलं होतं.

तर आठव्या दिवशी मी मामूपुढं उभा होतो आणि मामू हत्यारांपुढं.

"सोळाचं चाक त्या ब्रेकवर चढंल," मामू म्हणाला. "पण नुसतं चढून चालत न्हाई. आतनं चाक आणि कॅलिपर यात फट किती ऱ्हाती ते बघाय पायजे. घाटात सगळं गरम झालं आणि घासलं, तर काय करशील?"

"म्हणून तर व्हर्नियर मागतोय."

"तो पूजेत हाय." मामूनं दाढी खाजवली. माणूस कडक होता, पण माझं लग्न मोडावं एवढा नव्हता. "तुझ्या डिकीतला जॅक आणि पाना कुठं हाय?"

"डिकीतच."

"पूजा केलीस?"

"नाही."

"मग ती हत्यारं न्हवंत. चल तुझ्या घरी."

फुलेवाडीत आमच्या घरापुढं अंगण होतं. सोळाची तीन चाकं माळ्यावर सापडली. चौथं आईनं पाण्याच्या पिंपाखाली घातलं होतं, ते काढायला पिंप रिकामं करावं लागलं आणि त्यावरून तिनं आम्हाला पहिल्यांदा झापलं. दुसऱ्यांदा झापलं ते मामूनं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन "वहिनी, जरा कणीक द्या" म्हटल्यावर.

"कणीक कशाला?"

"कॅलिपरवर लावायची. चाक बसवून एक फेरा दिला की कणीक दबती. दबून जेवढी जाड उरंल तेवढी फट. पण ही नगं, ही लई मऊ हाय. पुरीला मळता तशी घट्ट द्या."

आईनं परातीवरून सावकाश वर बघितलं. "इलाही, चाळीस वर्षं मी कणीक मळतेय."

"व्हय, पण मऊ कणीक दबून परत फुगती. माप चुकतंय."

"माझी कणीक चुकते म्हणतोस?"

"तुमची न्हाई चुकत. कॅलिपरला चालत न्हाई."

आईनं नवीन कणीक मळली. मामूनं सांगितलं मीठ घालू नका, लोखंडाला बरं नाही. आई म्हणाली, मिठाशिवायची कणीक या घरात आजवर मळली नाही आणि कुणाच्या गाडीसाठी मळणार नाही. मीठ पडलं. तेलाचं बोटही पडलं. आईनं लाट्या करून ताटलीत मांडून दिल्या, वर ओलं फडकं झाकलं, आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली, कारण आपली कणीक काय करते हे तिला बघायचं होतं.

मी डावं पुढचं चाक काढलं. मामूनं पिवळ्या कॅलिपरवर कणीक थापली, अगदी प्रेमानं, कडा दाबून. मी सोळाचं चाक चढवलं आणि हातानं एक फेरा दिला. आत कुठंतरी लाडू वळल्यासारखा आवाज आला. चाक काढलं. कणीक चपटी झाली होती. मामूनं सुरीनं ती कापली आणि कापलेल्या कडेला रुपयाचं नाणं टेकवून एक डोळा मिटला.

"रुपया बसला," तो म्हणाला. "रुपया बसला की गाडी बसली."

"हे माप कुठल्या पुस्तकात आहे?"

"शंकरअण्णाच्या."

मग उजवीकडं तेच. कणीक थापली, चाक चढवलं, फेरा दिला. आणि एवढ्यात आईनं बघितलं की मामू डावीकडची कणीक गोळा करून गटाराकडं निघालाय.

"अरे, अन्न आहे ते."

"वहिनी, ऑइल लागलंय त्याला."

"तुझ्या हाताचं लागलंय. खंडेनवमीच्या दिवशी अन्न गटारात? फुलं वाहिलीस ती काय नुसतीच?"

मामूला हे वर्मी लागलं. तो गोळा गायीला घालायचं ठरलं. गाय कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडं होती. तिथं आम्ही तिघंही गेलो, कारण मामूला एकट्याला पाठवायला आईचा विश्वास नव्हता आणि आईला एकटीला पाठवलं तर माझ्याबद्दल गल्लीत काय बोलेल याचा मला नव्हता. गायीनं गोळा हुंगला, मान फिरवली आणि मामूच्या शर्टाची बाही खाल्ली. या सगळ्यात अर्धा तास गेला. परत आलो तेव्हा उजवं चाक बसलेलंच होतं. मामू म्हणाला, डावं बसतंय म्हणजे उजवंही बसतंय, कंपनीनं दोन्ही अंगं सारखीच केलीत. मी नट आवळले. मागची चाकं बदलली. आईनं चारी चाकांना हळद-कुंकू लावलं.

दसऱ्याच्या दिवशी सातला पाच कमी असताना मी रेडेकरांच्या दारात होतो. काका पांढरा सदरा आणि टोपी घालून बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, प्रत्येक टायरवर मूठ आपटली, पुढच्या चाकापाशी जरा थांबले, आणि माझ्या शेजारी बसले. शलाका मागं बसली. तिनं निळी साडी नेसली होती आणि तिचा चेहरा पेपर तपासायला घेतल्यासारखा गंभीर होता.

पहिला स्पीडब्रेकर आला. मी श्वास धरला. काकांनी डोळे मिटले, गाडी वर गेली, खाली आली. काकांनी एक डोळा उघडला.

दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. कळं गावाच्या पुढं गेल्यावर दांडा सोडला. आरशात शलाका गालातल्या गालात हसत होती. मला एवढा आनंद झाला की मी गाणंच म्हणणार होतो. गगनबावड्यात चहा घेतला तेव्हा काका टेबलापाशी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बरं वाटतंय." त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण कंबर जिंकली म्हटल्यावर मला ब्रेकही दाखवावेसे वाटले.

करूळ घाट उतरायला लागलो. मी वळणापर्यंत गाडी मोकळी सोडायचो आणि वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबायचो. गाडी जागच्या जागी शांत व्हायची.

"चढताना जो गिअर, उतरताना तोच," काका म्हणाले. "दुसऱ्यात घ्या."

"काका, ब्रेक मजबूत आहेत."

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागले. सातव्या की आठव्या वळणावर शलाका म्हणाली, "आबा, इथं कुणी राहतं का?"

"घाटात कोण राहणार?"

"चपात्यांचा वास येतोय."

मला आला होता आधीच. मला वाटलं, सकाळपासून काही खाल्लं नाही, म्हणून असेल. काकांनी काच खाली केली, नाक वर केलं आणि डोळे बारीक केले.

"ब्रेकचा लायनर जळल्याचा वास मला माहीत आहे. हा तो नाही," ते म्हणाले. "क्लचचा पण नाही. रबराचा नाही." पुढचं वळण येईपर्यंत ते नुसतं हुंगत होते. मग त्यांनी निकाल दिला. "चपातीच आहे. करपायला लागलीय. आता उलटायला पाहिजे होती."

आणि त्याच क्षणी मला ते अंगण दिसलं, तो गोळा, ती गाय, आणि बसलेलंच असलेलं उजवं चाक. माझ्या पाठीतून घामाचा ओघळ निघाला तो थेट सीटपर्यंत गेला. तेवढ्यात बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यातून बारीक धूर वर आला.

"थांबवा," काका म्हणाले.

रुंद जागा बघून मी गाडी कडेला घेतली. काका उतरले आणि त्या कंबरेसकट रस्त्यावर गुडघे टेकून बसले. चाकाच्या आऱ्यांमधून त्यांनी रुमाल गुंडाळलेला हात आत घातला. बराच वेळ चाचपलं आणि एक तुकडा बाहेर काढला. तळहाताएवढा, खमंग भाजलेला, एका कडेला फुगा आलेला. कॅलिपरवर कंपनीचं नाव कोरलेलं होतं, ते त्यावर उलट्या अक्षरांत स्वच्छ उमटलं होतं.

खालून एक ट्रक आला, आमच्याकडं बघत बघत वर गेला.

"पोरांनी चिकटवलं असणार," शलाका झटकन म्हणाली. "नवरात्रात आमच्या शाळेतली पोरंसुद्धा काहीही करतात, आबा." आणि आबांच्या डोक्यावरून तिनं मला डोळ्यांनी सांगितलं की हो म्हण.

मला हो म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. पण काका अजून गुडघ्यावरच होते आणि त्या तुकड्याकडं असे बघत होते की ब्रेकच्या बाबतीत या माणसाशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"पोरांनी नाही," मी म्हणालो. "मी."

आणि मग सगळं सांगितलं. व्हर्नियर पूजेत होता ते, डिकीतला पाना पूजेत नव्हता ते, पुरीची कणीक, रुपया, गटार, गाय, मामूची बाही. सांगता सांगता माझं मलाच कळत होतं की हे कुठल्याही शहाण्या माणसाचं बोलणं वाटत नाही. शेवटी म्हणालो, "मामूचा दोष नाही. उजव्या चाकाचे नट मी आवळले. आत बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

काका चाकाचा आधार घेऊन उठले.

"ब्रेकवर कणीक ठेवलीस."

"हो."

"आणि त्या गाडीत माझी पोरगी बसवलीस."

आतापर्यंत ते मला तुम्ही म्हणत होते. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शाळेत नापास झालो तेव्हाही नाही. शलाकाकडं बघायचंही धाडस होईना.

"पाना काढ," काका म्हणाले.

मी चाक काढलं. काकांनी रुमाल पाण्यात भिजवून कॅलिपर स्वतः पुसला, डिस्क पुसली, पाइप हातानं चाचपून बघितले, वाकून मागून बघितलं. मग माझ्याकडं हात पुढं केला. मला आधी कळलं नाही.

"रुपया."

मी दिला. चाक परत चढवल्यावर त्यांनी आऱ्यांतून रुपया आत धरून चाक सावकाश पुरतं एक वेढा फिरवलं. दोन्ही बाजूंना. मग नट त्यांनीच आवळले, पान्यावर पाय देऊन.

"चावी दे. मागं बस."

मी शलाकाच्या शेजारी बसलो. मला वाटलं, आता इथूनच परत. पण काकांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि घाट खालपर्यंत उतरवला, कारण उतरायचा आणि चढायचा असं ठरलं होतं. प्रत्येक वळणावर लांब हॉर्न. ब्रेकला पाय लागला असेल तो पाचसहा वेळा. माझी ती रग असलेली सेडान ताशी तीसच्या वेगानं, मुक्कामी एसटीच्या चालीनं, इतकी गुणानं चालली होती की मला तिची ओळखच पटेना. कोकणातल्या गाड्या मागून येऊन हॉर्न मारून पुढं जात होत्या. काका त्यांना हात करून वाट देत होते.

"कशाला खरं बोललास?" शलाका ओठ न हलवता म्हणाली.

"तूच सांग, त्यांना काय सांगणार होतो?"

तिनं खिडकीकडं तोंड केलं आणि डोळे पुसले. मी उद्याच्या सांगलीच्या मंडळींचा विचार करत होतो. तो बँकवाला. त्याच्या गाडीला बारीक ब्रेक असणार, आणि त्यावर कणीक नसणार.

घाट चढून गगनबावड्यात आल्यावर काका आरशात बघत म्हणाले, "मागल्या वेळी अठराचं चाक होतं. आज सोळाचं आहे."

म्हणजे सकाळीच त्यांनी ओळखलं होतं.

"हो."

"का बदललंस?"

"तुमच्या कंबरेसाठी."

कळं आलं, कळं गेलं. शहर जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं घर कुठं?"

"फुलेवाडीत. पण काका, तुम्हाला आधी घरी सोडतो ना."

"गाडी मी चालवतोय."

आईकडं तक्रार घेऊन निघालेत, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. दारात गाडी लागली तेव्हा दीड वाजला होता. आई पुरणपोळ्या करत होती. रेडेकरांना स्वतः दारात बघून ती पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली आणि काय बोलावं ते न सुचून हसली. काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून दारातल्या पाटावर ठेवली आणि उलगडली.

"ही कणीक तुम्ही मळली?"

आईनं तुकडा बघितला. उलटी अक्षरं बघितली. मग माझ्याकडं असं बघितलं की मला पिंपाच्या मागं जाऊन बसावंसं वाटलं. "मीच मळली," ती म्हणाली.

"एवढ्या आचेला चिरली नाही. मीठही बेतानं आहे."

"आबा, तुम्ही ते खाल्लंत?" शलाकानं विचारलं.

"कोपरा. ऑइल लागलं नव्हतं तिथला." ते आईकडं वळले. "पोरगं चुकलं. मोठं चुकलं. पण दुसऱ्यावर ढकललं नाही. माझ्या पोरीनं आयतं कारण दिलं होतं, ते घेतलं नाही." मग पायातल्या चपला काढून आत आले. "पान वाढा. जेवून जातो."

आईच्या जिवात जीव आला. "अहो, सणाचं जेवायचंच. आणि उद्याही या. परडीभर पोळ्या झाल्यात."

"उद्या नाही," काका म्हणाले. "आजचं आज. उद्यापासून मला या घरातलं पाणीसुद्धा चालायचं नाही."

मी दाराची चौकट धरली. पाणीसुद्धा चालायचं नाही म्हणजे कायमचं तोडलं. एका कणकेच्या गोळ्यापायी माझं सगळं गेलं असं मला वाटलं आणि मला राग आला, स्वतःचा आणि त्यांचाही.

"काका, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मला काय बोलायचं ते बोला. आईच्या घरच्या पाण्याला कशाला नावं ठेवता?"

मी बघितलं तर आई पाटावर बसली होती, तोंडाला पदर लावून, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शलाका माझ्याकडं बघून हसत होती आणि तीही रडत होती.

"गप बस की रण्या," आई म्हणाली. "लग्न ठरल्यावर पोरीच्या सासरचं खात-पीत नाहीत त्यांच्यात. तिला मूल होईपर्यंत."

काका भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. "सांगलीला फोन मी करतो," ते म्हणाले. "आधी वाढा. गरम आहेत तोवर."

त्या दिवशी ते आठ पुरणपोळ्या जेवले. शलाका वाढत होती आणि ते नको म्हणत नव्हते. त्यानंतर दर महिन्याला ते आमच्याकडं यायचे, गाडीचे नट तपासायचे, अंगणात बसायचे आणि पिशवीतून आणलेल्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. उन्हाळ्यात बाटली संपली तरी शेजारच्या घरी जाऊन पाणी मागायचे. आम्हाला मूल लवकर झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, शलाका रडली, मीही रडलो. त्यांनी एका शब्दानं कधी विचारलं नाही. फक्त बाटली घेऊन येत राहिले.

सात वर्षांनी रेवा झाली. बारशाला ते फुलेवाडीत आले ते हात हलवत, पिशवी न घेता. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि बाळाकडं जायच्या आधी मला म्हणाले, "रणधीर, पाणी आण."

मी तांब्या भरून दिला. त्यांनी उभ्यानंच तो सगळा पिऊन रिकामा केला आणि परत माझ्यापुढं धरला.

"आणखी," ते म्हणाले.